टाक्याखालचा देठ

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलावर तीन डहाळ्या मांडल्या. एक गुळवेलीची, एक रताळ्याच्या वेलीची, एक बेशरमीची. मग विचारलं, "ह्यांत सख्खे कोण आणि शेजारी कोण?"

आम्ही सगळ्यांनी रताळं आणि गुळवेल सख्खे म्हणून सांगितलं. दोन्ही वेली, दोन्हींची पानं पिंपळाच्या वळणाची. बेशरम म्हणजे नाल्याच्या कडेला उभं वाढणारं झुडूप, त्याचा वेलीशी काय संबंध? सरांनी दाढीच्या ब्लेडनं बेशरमीचं आणि रताळ्याचं फूल उभं चिरलं आणि एकेकाला भिंगातून बघायला बोलावलं. आतून दोन्ही फुलं एका साच्यातून काढल्यासारखी होती. पाकळ्या जुळून झालेला कर्णा, तळाशी चिकटलेले पाच पुंकेसर, मधे एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला दोन गोळे. "पान फसवतं," सर म्हणाले. "फूल फसवत नाही. कुल ठरवायचं तर फुलाला विचारा."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढं जे झालं त्यात त्या वाक्याचा दोष नव्हता, पण त्याच्याच आधारानं मी चुकलो.

माझ्या घरात कॉलेज आतून बघितलेलं कुणी नव्हतं. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. आई गल्लीतल्या लोकांच्या वाकळा शिवून द्यायची. बी.एस्सी.ला मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते आवडीनं नाही. दुसऱ्या विषयाची यादी भरली होती म्हणून. झाडं ओळखायची पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी दहावीच्या गाईडपुरतं. सरांनी मला वर्षभर दुपारी स्टाफरूमच्या बाकावर बसवून एकेक वाक्य फोडून शिकवलं. पानाच्या कडेचे, लवेचे, देठाचे शेकडो शब्द. त्यांनी स्वतःचं घडीचं भिंग मला वापरायला दिलं आणि परत कधी मागितलं नाही. मी एम.एस्सी.पर्यंत पोचलो तो त्यांच्यामुळं. हे आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या बेचैनीचं मूळ तिथं आहे. परक्या माणसापाशी चूक कबूल करणं त्या मानानं सोपं असतं.

सर आपल्या जिल्ह्यातल्या फुलझाडांची यादी करत होते. पस्तीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं निघायचे, डोंगर, ओढे, बांध हिंडायचे. प्रत्येक झाडाचं एक कार्ड, प्रत्येक कुलाचं एक खोकं. निवृत्तीआधी ती यादी पुस्तक म्हणून छापायची, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या वर्षी दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण यादी हातावेगळी झाल्याशिवाय ऑपरेशन करायला ते तयार नव्हते. त्यामुळं शेवटच्या वर्षात बारीक फुलं बघायचं काम माझ्याकडं आलं. मला प्रकल्पही तोच दिला होता: लिंबागणेशपासून कपिलधारच्या बाजूपर्यंतच्या डोंगरउतारांवरच्या रताळ्याच्या कुलातल्या वेली.

भादव्यात एका सकाळी मी आणि माझा वर्गमित्र त्याच्या मोटरसायकलवर लिंबागणेशच्या पुढं गेलो. त्याच्या अब्बांचं गॅरेज आहे, गाडी तिथलीच, आणि ती दुपारच्या आत परत हवी होती. एका शेताच्या कुपाटीवर वेलींचा नुसता गुंता चढला होता. मला त्या गुंत्यात बारीक पिवळी कर्ण्यासारखी फुलं दिसली. बाभळीच्या काट्यांतून हात घालत मी ओढायला लागलो, तशी आत खुरपणाऱ्या एक मावशी उठून आल्या.

"कोन हाय रे? शेळ्यांला पाला न्हेतो का?"

"न्हाई मावशी, कॉलेजला न्यायचाय."

"कॉलेजात शेळ्या हायत्या व्हय?"

माझा मित्र गाडीवर बसल्या बसल्या म्हणाला, "हायत्या की मावशी. ही त्यातलीच एक."

मावशी हसत परत खुरपायला गेल्या. मित्र हॉर्न वाजवायला लागला. "चल बे! अब्बा गाडीसकट मला भंगारात काढतील." माझ्या हाताला दोन ठिकाणी काटे घुसले होते. मी विळ्यानं गुंत्याचा हातभर तुकडा कापला, तसाच्या तसा वर्तमानपत्रात पसरला आणि लाकडी चौकटीत दाबून पट्टे आवळले. मोठं, हाताच्या पंजासारखं फाटलेलं केसाळ पान आणि त्याच्या बगलेतून डोकावणारं पिवळं फूल. पाच मिनिटांचं काम. चूक तिथं झाली. पुढच्या दोन महिन्यांत तिच्यावर फक्त थर चढले.

झाड दाबून वाळवलं की जाड पांढऱ्या कागदावर शिवतात. डिंकानं चिकटवलं तर कीड लागते, म्हणून आमच्याकडं दोऱ्यानं टाके घालायची पद्धत होती. माझे कागद आई शिवायची. वाकळ शिवणारा हात तो. टाका इतका बारीक की देठावर दोरा आहे हे सांगावं लागे. वर्गातली पोरं माझे कागद बघून म्हणायची, "तुझी आईच बस एम.एस्सी.ला." मला त्याचा अभिमान होता.

वेल वाळल्यावर मी फूल गरम पाण्यात मऊ करून उघडलं. आमच्याकडं पुस्तकात ओळखीची किल्ली असते. प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न. एकाचं उत्तर हो आलं की पुढच्या पायरीवर जायचं, असं करत नावापर्यंत पोचायचं. पान बघून मनात पहिल्यांदा वाघपदी आली होती. ती वेल आपल्याकडं बांधाबांधाला असते, वाघाच्या पावलासारखं पान, लहान पोरसुद्धा ओळखतं. पण वाघपदीचं फूल पांढरं असतं आणि हे पिवळं. सूक्ष्मदर्शकाखाली पराग बघितले. वाघपदीच्या प्रजातीत परागकणांवर काटे असतात. हे तर गुळगुळीत. म्हणजे प्रजातीच वेगळी. पान फसवतं, फूल फसवत नाही. मी फुलाचं ऐकलं आणि पायऱ्या चढत गेलो. पिवळं फूल, गुळगुळीत पराग, पंजासारखं केसाळ पान. शेवटी जे नाव आलं ती वेल कोकणातल्या ओल्या जंगलांत आणि घाटात वाढते. आपल्या कोरड्या जिल्ह्यात तिची नोंद कुणीच केलेली नव्हती.

मी तीन वेळा किल्ली पहिल्यापासून लावली. तीनही वेळा तेच नाव. मग कागद घेऊन सरांकडं गेलो.

"फूल फारच लहान आहे रे," सर म्हणाले. त्यांनी कागद खिडकीशी धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "पुस्तकात तर चांगलं वितीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं दिलंय."

"कोरड्या हवेनं राहिलं असेल, सर."

"असेल. पानही लहानच आहे." मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "पराग तू स्वतः बघितलेस ना?"

"बघितले, सर."

"मग झालं." त्यांनी कागदावरून हलकेच बोट फिरवलं. "बांधणी सुरेख आहे. आईला सांग माझ्याकडून."

त्या दिवसापासून सर बदलले. कॉलेजचा जिना भरभर चढायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, "पस्तीस वर्षं मी त्या डोंगरावर चपला झिजवल्या, मला नाही सापडली. ह्याला सापडली." यादीत त्या नावापुढं त्यांनी चांदणी काढली, चांदणी म्हणजे जिल्ह्यात पहिल्यांदा सापडलेलं झाड. खाली माझं नाव. दिवाळी झाल्यावर छापखान्यातून तपासायला पानं आली. सोमवारी ती सुधारून परत द्यायची होती. आधीच्या बुधवारी मी त्या एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरी आईला दाखवायला नेला.

आईला वाचता येत नाही. मी बोट ठेवून माझं नाव दाखवलं. तिनं पदराला हात पुसून मोबाइल धरला. "पुस्तकात छापलं व्हय? लई चांगलं झालं." मग म्हणाली, "कंच्या झाडापायी?"

मी मोबाइलमधला त्या वेलीच्या कागदाचा फोटो दाखवला.

"ही व्हय," आई म्हणाली. "ती दोन तुकड्याची."

"दोन तुकड्यांची म्हणजे?"

"फुलाची काडी सुटी होती की. कागदावर घेतली तशी घरंगळली. मग पानाच्या काडीला लावून टाका घातला. बरं दिसंना का तसं?"

"सुटी कशी असंल? वाळल्यावर मोडली असंल."

"मोडली असती तर मोडल्याली दिसती का न्हाई? ह्या काडीला लव होती, ती गुळगुळीत होती. दोन येगळ्या दोऱ्यांवानी." माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं तुला ठाव हाय. तूच एका कागदात आणलतं."

मी जेवलो नाही. आईनं दोनदा विचारलं, मी दोनदा खेकसलो. तिची काही चूक नव्हती आणि तेच मला सहन होत नव्हतं. तिची असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. ते लिहायला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला उठवून पुन्हा त्या कुपाटीपाशी गेलो. वाटभर मनात म्हणत होतो, आई चुकली असेल. कुपाटीवरचा गुंता अर्धा वाळला होता. मी बुडापाशी बसून एकेक दांडी वर सोडवत नेली. दोघी एकाच कुलातल्या, त्यामुळं आधाराला वळसा घालायची दोघींची दिशाही एकच. दोरीचे पीळ बसावेत तशा त्या एकमेकींत बसल्या होत्या. एक दांडी केसाळ, तिला वाघाच्या पंजासारखी पानं, आणि आता तिला फुलंही आली होती: पांढरी, पानांच्या झुबक्यात बसलेली. साधी वाघपदी. दुसरी बारीक, गुळगुळीत, तिची बरीचशी पानं किडीनं खाल्लेली, आणि पिवळी फुलं तिची. तीही आपल्याकडची नेहमीचीच वेल. दोन्ही सरांच्या यादीत कधीच्या होत्या. मी एकीचं पान आणि दुसरीचं फूल घेऊन एक तिसरीच वेल उभी केली होती, जी त्या डोंगरावर कुठंच नव्हती.

"मग काय झालं?" मित्र म्हणाला. "सांगून टाक सरांना. दोन मिनिटांचं काम हाय."

"तू सांग मग."

"मी कावून सांगू बे? फूल तुझं, सर तुझे."

पण दोन मिनिटांचं ते काम मला तीन दिवस झालं नाही. गुरुवारी दुपारी मी विभागाच्या दारापर्यंत गेलो. सर आत फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो, हो, आपल्याच जिल्ह्यात!" मी तिथून मागं फिरलो. शुक्रवारी गेलो तर सर म्हणाले, "बरं झालं आलास, अक्षरं दिसत नाहीत, जरा वाचून दाखव." मी दोन तास पानं वाचून दाखवली. रताळ्याचं कुल आलं, चांदणी आली, मी ते नाव मोठ्यानं वाचलं आणि पुढच्या नावावर गेलो. सर डोळे मिटून ऐकत होते. त्या ओळीला त्यांनी मान हलवली.

शनिवारी कॉलेजात त्यांचा निरोपसमारंभ झाला. प्राचार्यांनी भाषणात माझ्या वेलीचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. मागच्या रांगेतून मित्र फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "बस खाली, वाघपदी."

त्या तीन दिवसांत मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगून बघितल्या. कोण तपासणार आहे? पिवळी वेल तिथं आहे, हे तर खोटं नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येईल. सरांचे डोळे आता काही बघणार नाहीत, कशाला म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं? प्रत्येक कारण बसल्या बसल्या पटायचं आणि चालायला लागलं की गळून पडायचं. कधीतरी दुसरा कुणी विद्यार्थी ते पुस्तक हातात घेऊन लिंबागणेशच्या डोंगरावर ती वेल शोधत फिरेल. त्याला ती सापडणार नाही, आणि त्याला वाटेल आपल्यालाच झाडं ओळखता येत नाहीत. तो मुलगा मला सारखा दिसायला लागला. बहुतेक तो माझ्यासारखाच दिसायचा.

रविवारी सकाळी मी कागद घेऊन सरांच्या घरी गेलो. सर अंगणात चष्म्यावर भिंग धरून पानं तपासत बसले होते. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "सर, ती वेल चुकलीय. दोन झाडं आहेत. पान वाघपदीचं आहे."

सरांनी हातातली पानं बाजूला ठेवली. कागद मागितला. "कुठं जोडलंय?"

मी टाक्यावर बोट ठेवलं. त्यांनी घरातून कात्री आणायला सांगितली, मग ती माझ्याच हातात दिली. "मला दिसणार नाही. तू काप."

आईचा टाका कापायला कात्रीचं टोक जात नव्हतं, इतका तो घट्ट बसला होता. शेवटी सुईनं उचकटून दोरा तोडला. फुलाची काडी कागदावरून सरकली आणि सरांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती दोन बोटांत धरून फिरवली. दुसऱ्या हाताच्या बोटानं पानाचा देठ चाचपला. लव आणि गुळगुळीतपणा बोटांना कळतो, त्याला डोळे लागत नाहीत.

"हे मी त्या दिवशीच करायला हवं होतं," सर म्हणाले. "फूल लहान आहे, पान लहान आहे, जागा चुकीची आहे. तीन गोष्टी ओरडून सांगत होत्या. पण मला ती वेल हवी होती."

"सर, चूक माझी—"

"तुझी आहेच. तू कधीपासून ओळखून आहेस?"

"बुधवारपासून."

"शुक्रवारी तू मला वाचून दाखवलंस."

"हो, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं आता जा म्हणतील. पण त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली, चांदणीची ती ओळ मला दाखवायला लावून आडवी रेघ मारली आणि विचारलं, "यादीत तुझे एकूण किती कागद आहेत?"

"एकेचाळीस."

"सगळे आईनं शिवलेले?"

"सगळे."

"घेऊन ये."

त्या दिवशी आम्ही एकेचाळीस कागद उघडले. जिथं टाका देठाच्या सांध्यावर होता तिथं मी दोरा तोडायचो, सर बोटांनी चाचपायचे, मी भिंगातून बघून सांगायचो.  बाकीचे सगळे ठीक निघाले, एक सोडून. एका शेंगेच्या झाडाची शेंग सुटी होती. ती त्याच झाडाची असावी असं मला मनापासून वाटत होतं. "वाटतं की माहीत आहे?" सरांनी विचारलं. मी म्हणालो, "वाटतं." त्यांनी तीही ओळ खोडली. ते झाड सरांच्या स्वतःच्या जुन्या कार्डांत कुठंच नव्हतं, म्हणजे यादीतून एक खरं झाडही कदाचित गेलं असेल. सोमवारी छापखान्याचा माणूस आला तेव्हा सर त्याला म्हणाले, "चार दिवस थांबा," आणि उरलेल्या विद्यार्थ्यांच्या कागदांकडं वळले.

पुस्तक पुढं महिनाभरानं निघालं. सरांनी त्याआधी कॉलेजात प्राचार्यांना पत्र देऊन कळवलं की ती नोंद चुकीची होती. पत्रात चूक "आमची" असं लिहिलं. मला मात्र त्यांनी त्या विषयावर पुन्हा एक शब्द ऐकवला नाही. ते मोठेपणामुळं की माझ्यावरचा विश्वास थोडा उणावल्यामुळं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑपरेशननंतर त्यांना स्पष्ट दिसायला लागलं. पुढं मी नेलेला प्रत्येक कागद ते स्वतः भिंगाखाली धरत, आणि ते बघत असताना मी उभाच राहत असे.

आता मी तासिका तत्त्वावर एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मुलांना कुल आणि प्रजाती शिकवताना फुलाबद्दल सांगतोच, पण आधी सगळ्यांना गुंता सोडवायला लावतो. बुडापासून टोकापर्यंत एक दांडी हातात धरून. मुलं कंटाळतात. एकानं विचारलं, "सर, एवढा संशय कशाला?" मी त्याच्या हातातली दांडी परत बुडाशी नेऊन दिली.

मुलांचे चांगले कागद मी अजून आईकडूनच शिवून घेतो. त्या रविवारी घरी गेल्यावर तिनं विचारलं होतं, "काढलं का नाव?" मी म्हणालो, "काढलं." ती म्हणाली, "माझ्या टाक्यापायी." मी म्हणालो, "न्हाई, माझ्या विळ्यापायी." तिला ते पटलं नाही, हे तिच्या हातांवरून कळतं. आता ती कागद पुढ्यात घेते, सुई ओवते आणि दोरा ओढायच्या आधी हाक मारते, "ये रे, हे फूल ह्याचंच हाय ना?" मी जेवत असलो तरी उठतो, भिंग घेऊन तिच्याशेजारी बसतो आणि बघतो. कधीकधी एका कागदापायी ती मला चार वेळा उठवते.